झरमॅटला रेल्वेनेच जायचं, तर आखणी कशी करावी

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींना बंदी आहे. बाहेरून येणाऱ्या गाड्या पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावात ठेवाव्या लागतात आणि तिथून पुढे बारा मिनिटांच्या रेल्वेने वर जावं लागतं. माथेरानला जाताना आपण दस्तुरी नाक्यावर गाडी सोडतो, तशीच ही व्यवस्था. मग मोटार भाड्याने घेऊन टेशपर्यंत जाण्यापेक्षा विमानतळापासूनच रेल्वेने निघालेलं काय वाईट? पैसे वाचतात, बर्फातल्या घाटरस्त्याची काळजी मिटते आणि वाटेतली दरी खिडकीतून निवांत बघता येते. मॅटरहॉर्न हा ४,४७८ मीटर उंचीचा डोंगर ज्यांना मनापासून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आखणीच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तिथल्या रेल्वेवर भरवसा ठेवता येतो, डोंगराच्या हवेवर ठेवता येत नाही. आपल्याकडे मात्र उलटंच होतं. गाडीच्या तिकिटांची धास्ती घेऊन महिनोन्‌महिने आधी सगळं आरक्षण करायचं, आणि डोंगरासाठी अख्ख्या सहलीतली एक दुपार ठेवायची. त्या दुपारी ढग उतरले की एवढ्या लांब येऊन पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. आठ दिवसांत सहा गावं करून परतलेल्या कितीतरी कुटुंबांची हीच हळहळ असते. म्हणून झरमॅटला किमान तीन रात्री राहा, चार राहिलात तर उत्तम. त्यासाठी यादीतलं दुसरं एखादं गाव गाळावं लागलं तर गाळा. सलग तीन सकाळी हाताशी असल्या की एखादी तरी निरभ्र मिळण्याची आशा बरीच वाढते.

कधी जायचं

आपल्या सुट्ट्या आणि तिथला हंगाम यांचा मेळ बसत नाही. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी येते, आणि आल्प्सच्या गावांचा तोच विश्रांतीचा काळ असतो. उन्हाळी पर्यटक गेलेले असतात, स्कीवाले यायचे असतात. या मधल्या आठवड्यांत काही रोपवे देखभालीसाठी बंद राहतात, बरीच हॉटेलं आणि खाणावळी कुलूप लावतात, दिवस लहान झालेला असतो. दिवाळीतच जायचं असेल, तर झरमॅटहून डोंगरावर नेणारी गोर्नरग्राटची रेल्वे आणि मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइजचा रोपवे तुमच्या तारखांना चालू आहेत ना, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळांवर पाहा.

मे महिन्याची गोष्ट थोडी वेगळी. स्कीचा मोठा हंगाम एप्रिलअखेर ओसरतो आणि पायवाटांचा हंगाम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याशिवाय खऱ्या अर्थाने सुरू होत नाही. झरमॅटच्या वरच्या सुनेगा भागातल्या सुविधा मे महिन्यात बहुधा बंद असतात आणि तळ्यांकडे जाणाऱ्या वरच्या वाटा बर्फाखाली असतात. पण मुलांना बर्फात खेळवायचं एवढंच मुख्य असेल, तर मे महिना मुळीच वाईट नाही. गोर्नरग्राटची गाडी बारमाही चालते आणि तीन हजार मीटरवर मे महिन्यात भरपूर बर्फ असतो. गर्दी कमी, हॉटेलांचे दरही थोडे उतरलेले. शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्यामुळे शालेय मुलं असलेल्या घरांनी मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा धरावा.

ज्यांना शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, त्यांनी गणपती आटोपल्यावर निघावं. सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून गडगडाटी पाऊस येतो, तो सप्टेंबरमध्ये कमी होतो. हवा स्वच्छ असते, वरच्या वाटा बर्फमुक्त असतात, आणि महिनाअखेर सूचिपर्णी लार्चची झाडं पिवळी पडू लागतात. डिसेंबरअखेर आणि फेब्रुवारीत स्कीवाल्यांची झुंबड असते. स्की करायचं नसेल तर त्या दरांत राहण्यात हशील नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तीन महिने आधी कामाला लागा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात येतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. झरमॅटमध्ये हेलिकॉप्टरने जखमींना आणणं हे नेहमीचं काम आहे आणि त्याचं बिल मोठं असतं.

विमानतळ ते झरमॅट

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. सामान घेऊन सरकत्या जिन्याने उतरलात की फलाटावर. तिथून मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटांवर. मुख्य स्टेशनावरून बर्नमार्गे ब्रिगकडे जाणारी इंटरसिटी घ्यायची, सुमारे दोन तासांनी फिस्पला उतरायचं आणि तिथे लाल रंगाच्या मीटरगेज गाडीत बसायचं. फिस्प ते झरमॅट तासाभराहून थोडं अधिक. म्हणजे झुरिक मुख्य स्टेशनापासून सव्वातीन तासांत तुम्ही पोचता. नकाशावर फिस्प हे नाव 'व्ही' अक्षराने सुरू होतं, तेव्हा घोषणेत 'फिस्प' ऐकू आलं की उठायचं हे ध्यानात असू द्या.

हा प्रवास इतका छोटा झाला तो २००७ साली. त्या वर्षी ३४.६ किलोमीटर लांबीचा ल्योचबर्ग तळबोगदा सुरू झाला आणि बर्नच्या बाजूची गाडी डोंगर न चढता थेट ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरू लागली. वेळ वाचला, पण खिडकीबाहेर अंधार आला. जाताना घाई असेल तर तळबोगद्यातून जा, पण येताना किंवा जाताना एकदा तरी जुन्या घाटमार्गाने या. तो १९१३ सालचा. स्पीझहून कांडरश्टेगपर्यंत गाडी वळणं घेत चढते, १४.६ किलोमीटरच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे निघते आणि मग ऱ्होनच्या खोऱ्याच्या कड्यावरून, दरी पायाखाली ठेवून, ब्रिगपर्यंत हळूहळू उतरते. बर्न-ब्रिग असा हा प्रादेशिक गाड्यांचा मार्ग आहे. वेळ तासभर जास्त लागतो, आरक्षण लागत नाही, तिकीट वेगळं काढावं लागत नाही. वेळापत्रकाच्या ॲपमध्ये 'मार्गे' या रकान्यात कांडरश्टेग घातलंत की ती गाडी दिसते. आल्प्सच्या रेल्वेवर प्रेम करणाऱ्यांनी हा मार्ग सोडू नये.

तळबोगद्याच्या मार्गानेही थुन ते स्पीझ हा तुकडा सुंदर आहे. बर्नकडून येताना थुनचं तळं डाव्या हाताला असतं, म्हणून डावीकडे बसा. स्पीझचं स्टेशन तळ्याच्या वर उंचावर आहे. रात्रभराच्या विमानप्रवासाने अंग आंबलं असेल, तर तिथे उतरा, बॅगा लॉकरमध्ये ठेवा, तळ्याकाठी उतरून दोन तास पाय मोकळे करा आणि पुढची गाडी घ्या. सकाळी लवकर पोचणाऱ्यांसाठी हा थांबा फार सोयीचा. झरमॅटच्या हॉटेलात खोली दुपारीच मिळते, आधी पोचून बाकड्यावर ताटकळण्यात अर्थ नाही. नेहमीच्या तिकिटावर वाटेत असं उतरता येतं. ठराविक गाडीला बांधलेल्या सवलतीच्या तिकिटावर येत नाही. तिकिटांचा हा फरक पुढे सविस्तर येतो.

जिनिव्हाहून येणाऱ्यांना विमानतळापासून सुमारे चार तास लागतात. तो मार्ग जिनिव्हाच्या तळ्याकाठाने, लाव्होच्या पायऱ्यापायऱ्यांच्या द्राक्षमळ्यांतून, माँट्रो आणि सियाँ करत फिस्पला येतो. तळं उजवीकडे असतं. विमान कंपनीने परवानगी दिली तर झुरिकला उतरून जिनिव्हाहून परतीचं विमान घ्या. भाड्यात फरक नसला, तर आलेल्या वाटेने परत जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. मिलानकडून येणारे सिम्प्लॉन बोगद्यातून ब्रिगला येतात आणि तिथूनच लाल गाडी पकडतात. त्या आंतरराष्ट्रीय गाड्यांना आसन आरक्षण लागतं.

फिस्पला गाडी बदलायला साधारण दहा मिनिटं असतात. आपल्याला कल्याण किंवा कर्जतच्या पुलावरून धावायची सवय असते, त्यामुळे दहा मिनिटं कमी वाटतात. पण दोन्ही गाड्यांचे फलाट एकाच स्टेशनात आहेत, भुयारी मार्गाने दोन-तीन मिनिटांत जाता येतं. इंटरसिटी थांबायच्या पाच मिनिटं आधी बॅगा दाराशी आणून ठेवा, एवढं पुरे. गाडी चुकली तरी घाबरू नका. वेळापत्रक घड्याळाच्या काट्याशी बांधलेलं आहे, दर तासाला त्याच मिनिटाला पुढची गाडी असते. १९८२ सालापासून सगळ्या देशात हीच पद्धत आहे.

फलाटावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं टांगलेली असतात. पाटीवर कोणत्या अक्षरापाशी पहिल्या वर्गाचे डबे येणार आणि कुठे दुसऱ्या वर्गाचे, हे दाखवलेलं असतं. पहिल्या वर्गाच्या डब्यावर वरच्या बाजूला पिवळा पट्टा असतो. दुसरा वर्ग स्वच्छ आणि आरामशीर आहे, तिथे पहिल्या वर्गाचे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. देशांतर्गत नेहमीच्या गाड्यांना आसन आरक्षण लागत नाही. स्टेशनात शिरताना कुठे फाटक नाही, तिकीट तपासनीस गाडीत येतो, आणि तिकिटाविना सापडल्यास दंड होतो. 'गाडीत काढू' असं मुळीच धरू नका, चढण्याआधी तिकीट हातात हवं.

लाल गाडीचा प्रवास

फिस्प सुमारे ६५० मीटरवर, झरमॅट १,६०० मीटरवर. पस्तीसेक किलोमीटरांत जवळजवळ साडेनऊशे मीटरची चढण. सगळीकडे चाकांची पकड पुरत नाही, म्हणून जिथे उतार तीव्र आहे तिथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवली आहे. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकतं आणि गाडी वर ओढली जाते. उतरताना तेच चाक तिला घसरू देत नाही. सर्वांत तीव्र चढ हजार मीटरला १२५ मीटर आहे. गाडी दातेरी पट्टीवर येते तेव्हा वेग मंदावतो आणि खालून घरघर येते. लहान मुलांना आधीच सांगून ठेवलं तर ती त्या क्षणाची वाट बघत बसतात.

ही रेल्वे १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीला ती फक्त उन्हाळ्यात धावे. दरीच्या उतारांवरून कोसळणाऱ्या हिमलोटांपासून संरक्षण उभारल्यावर, १९३०च्या दशकात ती हिवाळ्यातही चालू लागली. ती बारमाही झाली म्हणूनच झरमॅट हिवाळी गाव होऊ शकलं. वाटेत श्टाल्डनपाशी दरी अतिशय अरुंद होते, खाली फिस्पा नदी, वर उभ्या कड्यांवर टांगल्यासारखी घरं. पुढे रांडा येतं. तिथे उजवीकडच्या डोंगरावर करड्या दगडांचा प्रचंड ढिगारा दिसतो. १९९१च्या एप्रिल आणि मे महिन्यांत तिथला कडा दोनदा कोसळला, रस्ता आणि रेल्वे गाडली गेली, आणि नंतर रूळ बाजूने नव्याने टाकावे लागले. त्याच रांडाच्या वर, दुसऱ्या बाजूच्या उतारावर, २०१७ साली ४९४ मीटर लांबीचा पादचारी झुलता पूल बांधला आहे. रांडाहून तिथवर दोन तासांची खडी चढण आहे. पाय खंबीर असतील तर झरमॅटच्या मुक्कामातला एक दिवस त्यासाठी ठेवा.

झरमॅटला उतरल्यावर लगेच मॅटरहॉर्न दिसत नाही. मुख्य रस्त्याने दहा मिनिटं चालत चर्चजवळच्या पुलावर जा, तिथून तो पूर्ण दिसतो. हॉटेलला गाडीची वेळ आधी कळवलीत तर त्यांची विजेवरची छोटी गाडी स्टेशनावर येते. नसेल तर विजेवरच्या टॅक्सी आणि बस आहेत. वाचायला साधं वाटेल, पण खोली घेताना ती स्टेशनापासून किती दूर आणि किती चढावर आहे हे नकाशावर बघा. झरमॅटची बाजूची वस्ती चांगलीच चढावर आहे आणि आई-वडील सोबत असतील तर हा मुद्दा खोलीतल्या दृश्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

पास की अर्धं तिकीट

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं थांबून बघू. परदेशी प्रवाशांसाठी स्विस ट्रॅव्हल पास मिळतो, ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा. त्यात रेल्वे, बस, तळ्यांतल्या बोटी आणि पुष्कळ संग्रहालयं येतात. फिस्प ते झरमॅट हा तुकडाही पूर्ण येतो. पण झरमॅटहून वर जाणाऱ्या गोर्नरग्राट रेल्वेवर आणि मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइजच्या रोपवेवर त्या पासने फक्त ५० टक्के सवलत मिळते. आता विचार करा. आठ दिवसांचा सलग पास घेतलात आणि त्यातले तीन दिवस झरमॅटमध्ये राहिलात, तर त्या तीन दिवसांत पास जवळजवळ वापरलाच जात नाही, वरच्या गाड्यांचे अर्धे पैसे मात्र भरावे लागतात.

दुसरा पर्याय स्विस हाफ फेअर कार्डचा. ते महिनाभर चालतं आणि बहुतेक सगळ्या गाड्या, बोटी आणि डोंगरी रेल्वे अर्ध्या भाड्यात मिळतात. एकाच गावात राहून वर-खाली करणाऱ्यांना हे बहुधा स्वस्त पडतं. तिसरा पर्याय म्हणजे ट्रॅव्हल पासचाच 'फ्लेक्स' प्रकार, ज्यात दिवस सलग नसले तरी चालतात. एका महिन्यात लांबच्या प्रवासाचे दिवस तेवढे निवडायचे. फ्लेक्स घेतलात तर त्या दिवसाची नोंद गाडीत चढण्याआधी करायची, विसरलात तर तो प्रवास विनातिकीट धरला जातो.

अमुक एकच घ्या असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर जाऊ नका. कागद घ्या, स्विस रेल्वेच्या ॲपवर तुमच्या प्रत्येक मोठ्या प्रवासाचं पूर्ण भाडं बघून लिहा, त्यात वरच्या दोन-तीन डोंगरी गाड्यांचं भाडं मिळवा. एकदा पासची किंमत आणि डोंगरी गाड्यांचं अर्धं भाडं धरून बेरीज करा, एकदा हाफ फेअर कार्डाची किंमत आणि सगळ्याचं अर्धं भाडं धरून. अर्ध्या तासाचं काम आहे आणि चौघांच्या कुटुंबात त्यातून बरेच फ्रँक वाचतात.

मुलांसाठी फॅमिली कार्ड विनामूल्य मिळतं, पण पास घेताना ते मागून घ्यावं लागतं. सहा वर्षं पूर्ण झालेल्या आणि सोळाच्या आतल्या मुलांना त्यावर आई किंवा वडिलांबरोबर फुकट प्रवास करता येतो. अट आई-वडिलांची आहे. आजी-आजोबा नातवंडांना एकटे घेऊन जाणार असतील, तर मुलांचं तिकीट वेगळं धरा. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पास तुमच्या नावाचा असतो, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

आधी काढल्यास स्वस्त पडणारी सुपरसेव्हर तिकिटंही आहेत. ती ठराविक गाडीलाच चालतात, गाडी चुकली की तिकीट गेलं. विमानातून उतरल्याच्या दिवशी ती कधीच काढू नका. विमानाला उशीर होतो, सामान यायला वेळ लागतो. परतीच्या दिवशी, जेव्हा वेळ तुमच्या हातात असते, तेव्हा ती उपयोगी पडतात.

ग्लेशियर एक्सप्रेसचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९३० सालापासून चालणारी ही गाडी झरमॅट ते सेंट मॉरिट्झ सुमारे आठ तासांत जाते. वाटेत २९१ पूल, ९१ बोगदे आणि २,०३३ मीटरवरची ओबराल्प खिंड. पास असला तरी आसन आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि ऐन हंगामात जागा लवकर संपतात. नाही मिळालं तर हिरमुसू नका. त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही जातात. आंडरमाट, डिझेंटिस अशा काही ठिकाणी गाडी बदलायची, आरक्षण नको, मध्ये आवडेल तिथे उतरा. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ग्लेशियर एक्सप्रेस धावत नाही, तेव्हा तर साध्या गाड्या हाच मार्ग.

झरमॅटमधले दिवस

डोंगरावर जाण्याची तिकिटं भारतातून काढून ठेवू नका. रोज सकाळी उठल्यावर वरच्या स्टेशनांवरचे थेट कॅमेरे बघा, ते मोबाईलवर आणि हॉटेलच्या टीव्हीवर दिसतात. गावात धुकं असताना वर लख्ख ऊन असू शकतं आणि उलटही होतं. आकाश मोकळं दिसलं की नाश्ता उरकून पहिल्या-दुसऱ्या गाडीने निघा. उन्हाळ्यात मॅटरहॉर्नभोवती ढग बहुधा दुपारपर्यंत जमतात.

पहिल्या चांगल्या सकाळी गोर्नरग्राट. ही रेल्वे १८९८ साली सुरू झाली, स्वित्झर्लंडमधली विजेवर चालणारी पहिली दातेरी रेल्वे. मुख्य स्टेशनाच्या समोरूनच सुटते, साधारण साडेनऊ किलोमीटरांत ३,०८९ मीटरवर नेते, ३३ मिनिटं लागतात. चढताना उजवीकडे बसा. वरून गोर्नर हिमनदी आणि मागे स्वित्झर्लंडचं सर्वोच्च शिखर, ४,६३४ मीटरचं ड्युफूर, समोर उभं असतं. वर तासभर थांबून परत येताना रोटनबोडनला उतरा. पाच-दहा मिनिटांवर रिफेलझे नावाचं छोटं तळं आहे, वारा नसेल तर त्यात मॅटरहॉर्नचं प्रतिबिंब पडतं. तिथून रिफेलबर्गपर्यंत तासाभराची उताराची सोपी वाट आहे. तिथे पुन्हा गाडीत बसता येतं. बर्फ नसताना बूट बरे असतील तर साठीच्या पुढच्या माणसांनाही ती जमते. पिवळ्या पाट्यांवर लिहिलेला वेळ न थांबता चालण्याचा असतो, आपण त्यात निम्मा मिळवावा. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर वाट खडकाळ आहे असं समजा, पांढरा-निळा-पांढरा असेल तर ती गिर्यारोहकांची आहे, त्यावर पाऊल टाकू नका.

ग्लेशियर पॅराडाइज दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. रोपवेचं वरचं स्टेशन ३,८८३ मीटरवर आहे आणि तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी भरतो. मुंबईहून आदल्या दिवशी आलेल्या माणसाने तिथे धावपळ केली की डोकं दुखतं, मळमळतं. दोन रात्री १,६०० मीटरवर काढल्या की शरीर थोडं रुळतं. वर सावकाश चाला, पाणी पीत राहा, तासाभरात खाली या. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार किंवा गरोदरपण असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला, आणि तान्ह्या मुलांना एवढ्या वर नेऊ नका. गोर्नरग्राट त्यांना पुरे आहे. कुणाला खरोखरच त्रास झाला तर रुग्णवाहिकेसाठी १४४ क्रमांक आहे.

पावसाच्या दिवशी गावातलं मॅटरहॉर्न संग्रहालय पाहा. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्परच्या तुकडीने हे शिखर पहिल्यांदा सर केलं आणि उतरताना सातपैकी चौघं दोर तुटून पडले. तो तुटका दोर तिथे ठेवलेला आहे. ट्रॅव्हल पासवर प्रवेश मोफत असतो.

खाणं, कपडे, वीज

स्टेशनासमोर सुपरमार्केट आहे. दही, फळं, पाव, चीज, तयार सॅलड तिथे वाजवी मिळतं. उपाहारगृहात चौघांचं जेवण महाग पडतं, म्हणून स्वयंपाकघर असलेली भाड्याची खोली घ्या, संध्याकाळी खिचडी करता येते. शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बटाट्याच्या रोस्टीत अनेकदा श्पेक, म्हणजे डुकराचं मांस, घातलेलं असतं, ऑर्डर देताना ते नको म्हणून सांगा. फॉन्ड्यूमध्ये पांढरी वाइन आणि बहुधा किर्श नावाचं मद्य असतं. आणि ग्रुयेरसारखी पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या विकराने विरजलेली असतात. जैन आणि काटेकोर शाकाहारी लोकांनी हे ठाऊक असूनच काय खायचं ते ठरवावं. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

वर ऊन असलं तरी वारा बोचरा असतो. जाड एकच कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जाकीट चांगलं. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन डोळ्यांना इजा करतं. तळ गुळगुळीत असलेले स्पोर्ट शूज बर्फावर घसरतात. चलन स्विस फ्रँक आहे, युरो नाही. विजेच्या सॉकेटला तीन बारीक छिद्रं असतात आणि तो भिंतीत खोल असतो, युरोपचे जाडे गोल अडॅप्टर त्यात बसत नाहीत, साधा दोन बारीक पिनांचा बसतो. एकट्याने जिन्यावरून उचलता येईल एवढीच बॅग न्या. जड सामान एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर पाठवायची सोय स्विस रेल्वे करते, आधी नोंदणी करायची आणि दोन दिवसांचं अंतर धरायचं.

परतीची आखणी

रेल्वेवर भरवसा ठेवा असं सुरुवातीला म्हटलं, पण झरमॅटच्या दरीत येणारा-जाणारा मार्ग एकच आहे. जानेवारी २०१८मध्ये प्रचंड बर्फ पडल्यावर रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाली आणि सुमारे १३ हजार पर्यटक गावात अडकले. जून २०२४च्या अखेरीस पुराने फिस्प-झरमॅट मार्गाचं नुकसान झालं. असं वारंवार होत नाही, पण झालं तर परतीचं विमान चुकतं आणि ते भाडं कुणी भरून देत नाही. म्हणून झरमॅटहून ज्या दिवशी निघाल, त्याच दिवशीचं विमान ठरवू नका. आदली रात्र झुरिक, बर्न किंवा जिनिव्हात काढा. हिवाळ्यात जाणार असाल तर मध्ये पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. निघायच्या आदल्या संध्याकाळी ॲपवर तुमचा मार्ग तपासा. वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास बदलतं, म्हणून सहलीच्या तारखा त्याच्या आगेमागे असतील तर चार महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेल्या वेळांवर विसंबू नका. फिस्पला गाडी बदलून पुढच्या इंटरसिटीत बसलात की तिथून झुरिक दोन तासांवर.